लांडगा, भोपळा आणि दोन वर्तुळे

सात वर्षांच्या मुलाने तौलनिक समीक्षा करावी असे कोणी म्हटले, तर आपण हसू. अमेरिकेत २०१० साली शालेय शिक्षणाचा जो सामाईक आराखडा प्रसिद्ध झाला आणि बहुतेक राज्यांनी स्वीकारला (काहींनी पुढे सोडूनही दिला), त्यात मात्र दुसरीच्या वर्गाकडून नेमकी हीच अपेक्षा केलेली आहे. एकाच गोष्टीची निरनिराळ्या लेखकांनी वा निरनिराळ्या संस्कृतींनी सांगितलेली रूपे मुलांनी शेजारीशेजारी ठेवावीत आणि त्यांतील साम्य-भेद सांगावेत; उदाहरणादाखल सिंड्रेलाच्या कथांचा उल्लेखही आहे. मला ही अपेक्षा मुळीच हास्यास्पद वाटत नाही. मूल हे जन्मजात पाठचिकित्सक असते. काल आजीने गोष्टीत खीर म्हटले आणि आज शिरा म्हटला, तर तिला तिथल्या तिथे अडवणारे तेच. माझी तक्रार आहे ती वर्गात या अपेक्षेचे जे होते त्याबद्दल.

वर्गात बहुधा फळ्यावर दोन वर्तुळे निघतात, एकमेकांत थोडी शिरलेली. दोन्ही गोष्टींत असेल ते मधल्या फाकेत लिहायचे, उरलेले दोन बाजूंना. ‘लाल टोपीवाल्या मुली’च्या जोडीला एड यंग या चित्रकाराचे ‘लोन पो पो’ (१९८९) हे चिनी कथेवरचे देखणे पुस्तक घेतले, की मधल्या फाकेत लांडगा येतो, आजी येते. एका बाजूला एकटी मुलगी, दुसऱ्या बाजूला तीन बहिणी. वर्तुळे भरतात, तास संपतो. ही तुलना नव्हे, मोजदाद झाली. वाण्याने वर्षअखेर दुकानातला माल मोजावा तशी. घराबाहेर पडलेल्या एकट्या मुलीला धाक घालणारी एक गोष्ट, आणि आई आजीकडे गेली असता घरात राहिलेल्या तिघींनी मिळून दारात आलेल्या लांडग्याचा काटा काढल्याची दुसरी, हे वर्तुळात मावत नाही. म्हणून ते विचारलेही जात नाही.

लाल टोपीवालीचीच रूपे पाहा. शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. सोडवायला कोणी येत नाही. खाली पद्यात तात्पर्य आहे, आणि त्याचा रोख लहान मुलांवर नसून तरुण, देखण्या मुलींवर आहे: गोडबोले लांडगे सर्वांत वाईट! ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येतो, लांडग्याचे पोट फाडतो, आजी आणि नात जिवंत बाहेर पडतात व लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात. ग्रिमांच्या या गोष्टीला पुढे एक शेपूटही आहे, जे संक्षेपकार सहसा छाटून टाकतात. दुसऱ्यांदा लांडगा भेटतो तेव्हा मुलगी शहाणी झालेली असते. ती आणि आजी मिळून त्याला खमंग वासाने भुलवतात आणि छपरावरून पाण्याच्या कुंडात पाडतात. तिसरे रूप फ्रान्सच्या न्येव्र भागात १८८५ च्या सुमारास खेडुतांच्या तोंडून उतरवून घेतलेले. त्यात लाल टोपीही नाही आणि शिकारीही नाही. अंथरुणात शिरलेली मुलगी धोका ओळखते आणि ‘मला बाहेर जायचे आहे’ म्हणते. तो तिच्या पायाला दोरी बांधून तिला सोडतो. ती दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते.

रचना म्हणून पेरोची कथा मला सर्वांत बांधीव वाटते, पण सांगायला घेतो ती तिसरी. ग्रिमांचा शिकारी मला नेहमीच ठिगळ वाटत आला आहे. आणि ‘ही गोष्ट या संस्कृतीची, ती त्या’ असे म्हणणेही वाटते तितके सोपे नाही. ग्रिमांना ही कथा पुरवणाऱ्या कासेल येथील हासेनप्फ्लुग बहिणी आईकडून फ्रेंच ह्युगेनो वंशाच्या होत्या. जर्मन म्हणून मिरवणाऱ्या या कथेचे आजोळ असे फ्रान्सात आहे!

असा निवाडा मी करतो. मुलाला मात्र वर्गात तो करण्याची मुभा नाही. ‘दोन्ही छान, फक्त वेगळ्या’ असे मृदू स्वरात सांगून त्याचे तोंड बंद केले जाते. ‘ही खरी नाही, ती खरी’ असे मूल म्हणते तेव्हा ते चूक असेल, पण समीक्षेला सुरुवात तिथूनच व्हायची असते. ‘खरी का?’ एवढे विचारले की पुरे. अर्थात त्याआधी दोहोंपैकी एक तरी गोष्ट त्याच्या रक्तात भिनलेली हवी. एकाच आठवड्यात दोन परक्या गोष्टी वाचून दाखवून त्यांची तुलना करायला लावणे म्हणजे दोन अनोळखी माणसांत कोण जास्त बदलला हे विचारणे.

आपल्याकडच्या मुलांना अशी भिनलेली गोष्ट म्हणजे म्हातारी आणि भोपळा. जंगल तेच, वाट मात्र उलटी: इथे नात आजीकडे जात नाही, म्हातारी लेकीकडे जाते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या ‘टुनटुनिर बोइ’ (१९१०) या बंगाली पुस्तकातली कुबडी म्हातारी तर नातीकडेच जाते, आणि परतताना कोल्हा भोपळ्यातली युक्ती ओळखतो तेव्हा आपल्या कुत्र्यांना हाक मारून सुटते. मराठी म्हातारीजवळ कुत्री नाहीत. जिभेशिवाय दुसरे हत्यार नाही. काही घरांत तिचा भोपळा सुखरूप पोचतो, काही घरांत वाटेत फुटतो.

आमच्या इमारतीतल्या चार-पाच मुलांना मी एकदा पेरोची कथा जशीच्या तशी सांगितली. ती संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “तिने पण लांडग्याला सांगायचं ना, आजीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा म्हणून.”

“ती लहान आहे,” एक मुलगा म्हणाला, “तिला खोटं नाही बोलता येत.”

“मग भोपळ्यातली म्हातारी खोटं बोलली?”

“खोटं नाही. ती लठ्ठ होऊन आलीच होती की!”

यावर जे भांडण जुंपले ते जेवायच्या हाका येईपर्यंत चालले. मी मध्ये पडलो नाही.