निळ्या पडद्याचे परीक्षण

साहित्याशी माझा संबंध पासबुकातल्या नोंदींपुरता. तरीही आज मी एका मजकुराचे परीक्षण करणार आहे. गेल्या महिन्यात तो मी अकरा वेळा वाचला, आणि एकदाही राजीखुशीने नाही, एवढा अधिकार पुरे!

हा मजकूर म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज दहा कोसळताना येणारा निळा पडदा. आरंभी दोन टिंबे आणि एक कंस मिळून आडवा झोपलेला रडका चेहरा. विंडोज आठबरोबर, २०१२ साली, हे पात्र रंगमंचावर आले. त्याखाली, यंत्राला अडचण आली असून ते पुन्हा सुरू होईल, असे निवेदन. शैली थेट आमच्या काउंटरवरच्या पाटीची. दिलगिरी भरपूर, कारण गुलदस्त्यात.

कारण असते ते तळाशी, बारीक अक्षरांत. सोमवारी 'मेमरी मॅनेजमेंट'. बुधवारी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. शनिवारी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. मी बी.कॉम. माणूस. कमी नाही, समानही नाही, म्हणजे जास्त, इथवर पोचलो. पण काय जास्त?

"गेम जास्त!" मी निकाल दिला आणि चिरंजीवांचा गेम काढून टाकला. चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी, गेम नसताना, पडदा हजर.

तेव्हा मला एकोणीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. कॅशमध्ये ३६० रुपयांचा फरक. कॅशियर मी, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्या खिशाकडे. अखेर एका जुन्या हेडक्लार्कनी फरकाला ९ ने भागून पाहिले. भाग गेला. नि:शेष भाग गेला की आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यावा, हा आमच्या धंद्यातला जुना तोडगा. ८४० च्या जागी ४८० लिहिलेले व्हाउचर रात्री साडेनऊला सापडले. चोर कुठे शोधायचा, हे फरकच सांगत होता. माणसांकडे बघायचे कारणच नव्हते.

पडद्याचेही तेच. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचे नाव दिसले, तर आधी तो ड्रायव्हर तपासावा. दर खेपेला कोड बदलत असेल, तर आधी मेमरीवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते. ती चालवली, दोष निघाला. मग रॅमची एकेक पट्टी लावून पाहिली. गुन्हेगार सापडला. मी स्वत: दिवाळीत घासाघीस करून आणलेली जुनी पट्टी! ती काढल्याला तीन आठवडे झाले, पडद्याचे दर्शन नाही.

सारांश, मजकुरात खरेपणा आहे, मांडणी सदोष आहे. रडणे मोठ्या अक्षरांत, साक्ष बारीक अक्षरांत. २०२५ साली विंडोज अकरामध्ये पडदा काळा झाला, चेहरा गेला, कोड मात्र राहिला. लेखकाची प्रगती आहे म्हणायची. वाचकाने आपली प्रगती म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी ती बारीक ओळ वहीत उतरवून घ्यावी.

गेम परत घातला. त्या रात्री बँकेत मला कुणी 'चुकलं' म्हटलं नव्हतं. मी चिरंजीवांना म्हटलं. ते गेममध्ये दंग. ऐकलं की नाही, कोण जाणे. सौ.नी मात्र ऐकलं, आणि कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला.