पडद्यावरचा देव आणि पाण्याखालचे गाव

जमीन जाणे हा आपल्या सीमाभागातील माणसाला नवा विषय नाही. कोणाची धरणात गेली, कोणाची खाणीत, कोणाची राखीव जंगलात. त्यामुळे या विषयावरचा चित्रपट आपल्याला निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. अलीकडे असे तीन चित्रपट पाठोपाठ पाहिले : ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा’ (2022), सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ (2025) आणि गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘द्वीप’ (2002). पहिला आणि तिसरा कन्नड, मधला मराठी. पहिल्या दोहोंना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. ‘द्वीप’ला उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले असूनही तो पाहिलेला माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. माझे मत मात्र ‘द्वीप’च्या बाजूने आहे.

‘कांतारा’चे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. शेजारच्या उडुपी जिल्ह्यातील कुंदापूरच्या परिसराची बोली, कंबळा आणि भूतकोला त्यात अस्सल उतरले आहेत. राजाने देवाच्या शब्दाखातर गावाला दिलेली जमीन वारसदाराला परत हवी आहे आणि वनखात्याला तिथे राखीव जंगलाची हद्द आखायची आहे, असा दुहेरी पेच दिग्दर्शक मांडतो. कथा 1990 सालची आहे. पूर्वार्धात मोजणी करणारा अधिकारी आणि सरपण आणणारे गावकरी यांचा संघर्ष आपल्या ओळखीचा वाटतो. पण उत्तरार्धात सारे पाप एकट्या जमीनदाराच्या माथी मारले जाते. अंगात दैवत संचारते, दुष्टांचा संहार होतो आणि गावकऱ्यांचा हात अधिकाऱ्याच्या हातात दिला जातो. खात्याची आखलेली हद्द खरी की गावाची वहिवाट खरी, या मूळ प्रश्नाचे उत्तर ढोलाच्या गजरात राहूनच जाते.

‘दशावतार’मध्येही हेच घडते. दृष्टी अधू होत चाललेला वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री दिलीप प्रभावळकर यांनी ऐंशीच्या घरात असताना उभा केला आहे. तोंडाला रंग लावताना त्यांच्या बोटांत जी माया दिसते, तिच्यासाठी हा चित्रपट पुन्हा पाहावा. मालवणी बोलीलाही त्यात मान आहे. परंतु खाणीच्या लोभापायी मुलगा गेल्यावर बाबुली एकेका अवताराच्या रूपाने सूड घेतो, आणि कोकणातील खाणीचा प्रश्न एका बापाच्या सूडाएवढा लहान होतो. खाणीला परवाना कोण देतो, गावातलेच कोण जमीन विकतात, का विकतात, हे बाजूलाच राहते. छोट्या पडद्यावर 2016 साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचेही तेच. तिने मालवणी घराघरात पोचवली, हे तिचे ऋण; पण नाईकांच्या इस्टेटीचा तंटा शेवटी भुताखेतांच्या हवाली झाला.

कोणी म्हणेल, लोकांची श्रद्धा आहे, ती पडद्यावर आली तर बिघडले कुठे? श्रद्धेला माझा विरोध नाही. राखणदार देवामुळेच आपल्याकडची कितीतरी देवराई टिकली. आक्षेप आहे तो देवाला लेखकाची अडचण सोडवायला बोलावण्याला. आमच्या तालुक्यात काळी नदीवरचे 101 मीटर उंचीचे सुपे धरण 1987 साली पूर्ण झाले. ज्या सुपे गावावरून तालुक्याला नाव होते, तेच पाण्याखाली गेले. उठलेल्यांपैकी अनेकांना रामनगरात वसवण्यात आले आणि पुढे तालुक्याचे नावही जोयडा झाले. त्या गावांतही देव होते, त्यांना नारळ-कोंबडे पोचत होते. पाणी अडवायला कोणी उठले नाही. पडद्यावर देव धावून येतो तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकात त्या गावांची मुले-नातवंडेही बसलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

‘द्वीप’ ही खोटी आशा दाखवत नाही. शरावतीच्या खोऱ्यातील धरणाने उठवलेल्यांचे जिणे ना. डिसोझा यांनी कादंबरीत मांडले, त्यावर हा चित्रपट आहे. पाणी चढत असताना बेटावर मागे राहिलेले हे एक पुजारी कुटुंब. यात खलनायक नाही. नोटीस आहे, तुटपुंजी भरपाई आहे आणि पाऊस आहे. सौंदर्याने साकारलेली नागी रात्रंदिवस राबून घर वाचवते. संकट टळल्यावर नवरा श्रेय देतो ते देवाला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसते, ते पाहून टाळी वाजवावीशी वाटत नाही, आपल्याच घरातल्या बायका आठवतात. घर उठले, की नव्या जागी चूल पहिल्यांदा त्यांनीच पेटवली, आणि त्याची नोंद कोणत्याही पुनर्वसनाच्या कागदात नाही. चित्रपटाची गती संथ आहे, पावसाची दृश्ये लांबली आहेत, हे मान्य. पण पाणी चढते ते असेच, सावकाश.

मग अशा विषयात नाट्य नाही काय? भरपूर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या वहिवाटीला दाद मागायची वाट दिली; पण जो अनुसूचित जमातीत नाही, त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा, अशी अट घातली. गोव्यातला कुणबी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहे. सीमेच्या अलीकडे जोयड्यातला कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आला आहे. सोयरिक एक, देव एक, आडनाव एक; कागद मात्र वेगळा. ज्याच्या आजोबाला सही येत नव्हती, त्याने 75 वर्षांचा कागद कुठून आणावा? या एका प्रसंगावर पूर्ण चित्रपट उभा राहील. त्यासाठी संचार नको, संहार नको. एक कचेरी, एक बाक आणि त्यावर बसून राहिलेला माणूस पुरे.

मराठीत ही ताकद नाही असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014) न्यायालयातला कंटाळा दाखवूनच माणसाची कोंडी उभी केली. तशी नजर घेऊन कोणी मराठी वा कन्नड दिग्दर्शक काळी नदीच्या काठी यावा. त्याला सांगायला इथे माणसे आहेत. मात्र त्यांच्यातली वयाने वडील मंडळी आता थकत चालली आहेत, तेव्हा त्याने फार उशीर करू नये.