संग्रहालयात वेग कोणाच्या हातात?

मंडळी, आजचा विषय आहे संग्रहालयाची अंतर्गत मांडणी. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं भिंती, दिवे, कपाटं यांवर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. कारण सोपं आहे. मांडणी हा एक युक्तिवाद असतो. काय आधी, काय नंतर, काय उजेडात, काय कोपऱ्यात, हे ठरवणारा माणूस आपल्याशी बोलत असतो. तो दिसत नाही, म्हणून आपण त्याला उलट प्रश्न विचारत नाही, एवढंच.

उदाहरणं आपल्या खानदेशातलीच घेऊ. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींनी नंदलाल बोस यांना शांतिनिकेतनातून बोलावलं. अट अशी, की उभारणी गावाकडच्या साहित्यातून आणि गावाकडच्या कारागिरांच्या हातून व्हावी. बोस आणि वास्तुविशारद म्हात्रे यांच्या कल्पनेतून बांबूचं टिळकनगर उभं राहिलं. तिथंच खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. आता बघा, ग्रामोद्योगाची थोरवी सांगायला तिथं वेगळी पाटी कशाला हवी? प्रेक्षक ज्या मांडवाखाली उभा, तो मांडवच पुरावा. आणि आलेल्या शेतकऱ्याला बांबू कळत होता. बांधणी पक्की की कच्ची, हे तो सांगू शकत होता. म्हणजे प्रेक्षक हाच परीक्षक.

आता जळगावच्या जैन हिल्सवर या. भवरलाल जैन यांच्या ध्यासातून २०१२ साली गांधीतीर्थ खुलं झालं. तिथल्या संग्रहालयाचं नाव 'खोज गांधीजी की'. काम नीटनेटकं आहे, कष्टाचं आहे. शाळकरी मुलं रमतात, हे मोठंच यश. काही जण विचारतात, यंत्रांवर टीका करणारे गांधी यंत्रांनी कसे समजावता? मला हा आक्षेप उथळ वाटतो. शिवणयंत्राला गांधीजींनी स्वतः अपवाद मानलं होतं, आणि चरखा तरी काय, यंत्रच! पण चरख्याचा वेग कातणाऱ्याच्या हातात असतो. माझा आक्षेप इथं आहे. कानाला निवेदन लागलं, की वेग निवेदनाचा होतो. एखाद्या छायाचित्रापुढं थबकावं, शंका घ्यावी, तोवर आवाज पुढच्या प्रसंगावर गेलेला असतो. पडद्याला बोट लावता येतं, हे खरं. पण पर्याय आधीच कोणीतरी निवडून ठेवलेले असतात. नावात शोध आहे, आणि शोधणाऱ्याला तर चुकण्याची, मागं वळण्याची मुभा लागते.

मग जुन्या पद्धतीनं वस्तू मांडून गप्प बसावं का? धुळ्याकडे पाहू. तिथं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं बावीस खंड काढले. शब्द नीट ऐका: साधने. कागद वाचकापुढं ठेवायचा, म्हणजे त्याला निष्कर्ष तपासता येतो. हीच वृत्ती संग्रहालयात हवी. पण मोडीतलं पत्र काचेखाली नुसतं ठेवलं, तर आजच्या पोराला ते मुकं आहे. तिथं गप्प बसणं ही तटस्थता नव्हे, ती दारं बंद करणं झालं. जळगावला निवेदन जास्त होतं, तर अशा कपाटापुढं ते फारच कमी पडतं.

उपाय महागडे नाहीत. पत्राशेजारी देवनागरी लिप्यंतर. ते कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं, याच्या चार ओळी. एक उघडा प्रश्न. आणि बसायला बाक! जुन्या कागदाला पन्नास लक्सच्या वर उजेड सोसत नाही, हेही पाटीवर लिहा. म्हणजे अंधाराचं कारण लोकांना कळेल.

गांधीजी साध्य आणि साधन वेगळं मानत नसत. स्वतः विचार करणारा नागरिक हे संग्रहालयाचं साध्य असेल, तर त्याला विचार करू न देणारी मांडणी, कितीही देखणी असली, तरी साधन म्हणून फसली. पुढच्या वेळी जाल, तेव्हा एकच तपासा: मला इथं थांबता येतंय का?

बरं, माझं निवेदन पुष्कळ झालं. आता तुम्ही विचारा.