नवे गळे, जुनी गाणी

‘पूर्वीसारखे गाणे आता राहिले नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने बोलले जाते की, ते एकदा तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. फराळाच्या ताटांभोवती तीन पिढ्या जमल्या म्हणजे आजोबा ते उच्चारतात, वडील मान डोलावतात आणि नातवंडे कानांतली यंत्रे न काढता आपले ऐकणे चालू ठेवतात. सणाचे दिवस भांडणाचे नव्हेत हे खरे. परंतु निवांतपणे विचार करायला सवड मिळते तीही याच दिवसांत. तेव्हा लोकप्रिय संगीतातील प्रतिभा खरोखरच आटली आहे काय, हे जरा पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही तक्रार फार जुनी आहे. ज्या पेटीच्या साथीवाचून आज आपल्याला नाट्यपदाची कल्पनाही करवत नाही, ती पेटी भारतीय गायकीला मारक म्हणून आकाशवाणीने १९४० साली बाहेर काढली होती. पुढे १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात म्हणून त्यांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले. श्रोते रुसले आणि रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून त्याच गाण्यांना सन्मानाने घरात घ्यावे लागले. आता गंमत पाहा. ज्या काळातली गाणी मंत्रिमहोदयांना उथळ वाटली, त्याच काळाला आज आपण सुवर्णयुग म्हणतो! सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त पाश्चात्त्य नाचाचा ठेका वाजवला आणि दोनच वर्षांनी ‘अनारकली’ला हळुवार चाली दिल्या. माणूस एकच, प्रतिभाही एकच. एका गाण्यावर नाके मुरडणारे आणि दुसऱ्यावर जीव टाकणारे एकाच घरात नांदत असतील, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट काळाच्या सुपाची. पन्नास-साठ वर्षे पाखडल्यावर जे दाणे उरतात तेवढेच आपण ‘जुने गाणे’ म्हणून पुढे ठेवतो. त्या वर्षांत निघालेले कितीतरी फोल केव्हाच उडून गेले. त्याची आठवणही कोणाला नाही. उलट आजचे धान्य फोलासकट अंगणात पडलेले आहे. निवडलेले तांदूळ आणि न निवडलेले तांदूळ शेजारी ठेवून पिकाची प्रत ठरवणे न्यायाचे नव्हे.

हल्लीचे गाणे तोकडे झाले, क्षणभरात संपते, असाही एक आक्षेप असतो. वास्तविक रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत फुलणारे नाट्यपद ग्रामोफोनच्या तबकडीसाठी तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागले, तेव्हा कात्री काही लहान लागली नव्हती. तरी त्या तबकडीनेच बालगंधर्वांचा स्वर ज्यांनी त्यांना रंगमंचावर कधी पाहिले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवला. आणि त्याच तीन मिनिटांच्या मापात गजाननराव वाटव्यांसारख्यांचे भावगीत वाढले. लांबी आखूड झाल्याने कला मरत नाही.

मग तक्रारीत काहीच तथ्य नाही काय? आहे, पण ते गळ्यांत शोधून सापडणार नाही. गळे तर आज मुबलक आहेत. २००८-०९ साली दूरचित्रवाणीवरील ‘सा रे ग म प लिट्ल चॅम्प्स’ या स्पर्धेत दहा-बारा वर्षांची मुले ज्या तयारीने गायली, ती पाहून सारा महाराष्ट्र थक्क झाला. परंतु ती मुले गात काय होती? बहुतेक आजोबांच्या काळातली गाणी. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे. त्यावरून २०१५ मध्ये चित्रपट निघाला आणि महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार योग्यच होता. मात्र १९६७ साली जितेंद्र अभिषेकींपुढे नवे नाटक होते, नवी पदे होती आणि वसंतराव देशपांड्यांसारखा, कोणाच्या पाऊलवाटेने न जाणारा गायक होता. आजच्या गुणी गायकाच्या वाट्याला बहुधा जुन्या दागिन्यांना झळाळी देण्याचे काम येते.

येथे ‘गीतरामायणा’ची आठवण अपरिहार्य आहे. पुणे आकाशवाणीवरचे सीताकांत लाड यांनी कल्पना मांडली आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ग. दि. माडगूळकरांनी ५६ गीते लिहिली व सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. दोघेही तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे! त्यांची प्रतिभा थोर होती याविषयी वाद नाही. पण दर आठवड्याला ‘या वेळी नवे काय?’ असे विचारणारी एक संस्था होती, आणि ते नवे ऐकण्यासाठी रेडिओपाशी हात जोडून बसणारी घरे होती. मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’नेही अशीच नवी भावगीते मागून घेतली. मागणी नव्याची होती, म्हणून नवे जन्मले.

आज कवी शब्द एकीकडे लिहितो, चाल दुसरीकडे होते, गायक तिसऱ्याच खोलीत एकटा उभा राहून गातो. त्या शब्दांवर तिघांनी एकत्र बसून वाद घातला, असे क्वचितच घडते. सूर सरळ करणारे यंत्र १९९७ पासून बाजारात आहे. त्याने स्वर जागेवर येतो. पण श्वास कुठे थांबवायचा आणि कोणत्या अक्षरावर रेंगाळायचे, हे ते सांगत नाही. ठेक्याच्या दणक्यात शब्दच ऐकू येईनासा होतो, हा आजच्या पुष्कळ गाण्यांचा खरा दोष आहे, आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. परंतु जेथे कथेने नवे गाणे मागितले तेथे ते मिळालेही आहे. अजय-अतुल यांनी २००९ साली प्रदर्शित झालेल्या ‘जोगवा’साठी जोगत्यांच्या जगातून सूर उचलले, आणि २०१६ च्या ‘सैराट’साठी हॉलीवूडमध्ये जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. ‘सैराट’चा नाद कोणाला भडक वाटेल, पण त्यात प्रतिभा नाही असे म्हणवणार नाही.

तात्पर्य, उणीव प्रतिभेची नसून मागणीची आहे, आणि मागणी करणारे आपणच आहोत. दिवाळी-पहाटेच्या मैफली आता गावोगाव होतात. मोगऱ्याचे गजरे, उटण्याचा वास आणि पहाटेच्या गारठ्यात व्यासपीठावर पंचविशीतली गायिका. तिच्यापुढे चिठ्ठ्या येतात त्या सगळ्या साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या. ती गोड हसून एकेक गाते, आपण डोळे पुसतो, आणि घरी येताना पुन्हा म्हणतो, ‘पूर्वीसारखे गाणे राहिले नाही.’ राहील कसे? आपण तिला तिचे गाणे गाऊच दिले नाही.

लता मंगेशकरांचा आवाज फार बारीक आहे म्हणून आरंभी एका निर्मात्याने नाकारला होता, अशी हकिकत सर्वश्रुत आहे. तो निर्माता अडाणी नव्हता. त्याचे कान केवळ आदल्या पिढीच्या आवाजांना सरावलेले होते. गुलाम हैदरांनी मात्र १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये त्या आवाजाला संधी दिली. त्या निर्मात्याचे कान आपल्याही घरात आहेत, कदाचित आपल्याच डोक्याला आहेत. म्हणून यंदाच्या पहाटे चिठ्ठी पाठवाल तेव्हा एवढेच लिहा: ‘आपण स्वतः बसवलेले एखादे नवे गाणे ऐकवा.’ ते कदाचित आवडणार नाही. न आवडल्यास तसे मोकळेपणी सांगावे. पण आधी ऐकावे.