संगणकाधारित प्रवेश परीक्षा : सुरक्षितता आणि समन्याय

अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र अभ्यासक्रमांसाठीची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. संगणकामुळे प्रश्नपत्रिकेची गोपनीयता राखली जाते व गुणदान निर्दोष होते, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. हे समर्थन असत्य नाही, परंतु अपुरे आहे. सुरक्षितता व समन्याय या दोन भिन्न गोष्टी असून काही ठिकाणी त्या परस्परांच्या आड येतात.

लाखो परीक्षार्थींना एकाच वेळी संगणक उपलब्ध करून देणे शक्य नसल्याने परीक्षा अनेक सत्रांत विभागावी लागते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एक प्रश्नपत्रिका फुटल्यास हानी त्या सत्रापुरती राहते, हा सुरक्षिततेचा लाभ होय. मात्र प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान नसल्याने प्रत्यक्ष गुणांऐवजी पर्सेंटाइल काढावे लागते. सत्रात आपल्याइतके वा आपल्यापेक्षा कमी गुण मिळविणाऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे पर्सेंटाइल. सर्व सत्रांतील विद्यार्थ्यांची सरासरी कुवत सारखीच असते, हे यातील गृहीतक आहे.

गैरप्रकाराचा परिणाम येथे वेगळ्या रीतीने होतो. समजा, २०,००० परीक्षार्थींच्या सत्रात २०० जण गैरमार्गाने एखाद्या प्रामाणिक विद्यार्थ्याच्या पुढे गेले, तर त्याचे पर्सेंटाइल पूर्ण एकाने घटते. इतर सत्रांतील विद्यार्थ्यांचे पर्सेंटाइल अबाधित राहते. केंद्रीय परीक्षांसाठीच्या सार्वजनिक परीक्षा (अनुचित साधन प्रतिबंध) अधिनियम, २०२४ मध्ये संगणक यंत्रणेतील हस्तक्षेप हा गुन्हा ठरविला आहे. संघटित गुन्ह्यास किमान एक कोटी रुपये दंड आहे. तथापि गुन्हेगारास शिक्षा झाल्याने त्या सत्रातील प्रामाणिक विद्यार्थ्याचे स्थान परत मिळत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी अपराधी शोधावाच लागतो असेही नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका आढळल्या आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. यंत्रणा अभेद्य असली तरी प्रश्न तपासण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि तेथेच ती दुबळी ठरली.

सर्व सत्रांत काही समान प्रश्न ठेवून काठिण्याची तुलना करणे, हा मापनशास्त्रातील मान्य उपाय आहे. तो पर्सेंटाइलपेक्षा निश्चितच अधिक न्याय्य ठरेल. अडचण एवढीच की, असे प्रश्न गुप्त राहिले तरच उपयोगी पडतात. आणि पहिल्या सत्रातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणातून ते खासगी शिकवणी वर्गांपर्यंत पोहोचण्यास फारसा वेळ लागत नाही.