मॅस्टोडॉन : नवागताची अडचण व बोलींचा दाखला

मॅस्टोडॉन ह्या विकेंद्रित समाजमाध्यमावर नव्याने येणारा मनुष्य उंबरठ्यावरच अडखळतो. तांत्रिक अज्ञान हे त्याचे कारण होय, असे त्या माध्यमाचे पुरस्कर्ते सांगत आले आहेत. हे निदान अपुरे आहे. अडचण बव्हंशी भाषेची आहे, आणि म्हणूनच भाषाभ्यासकाने तिची दखल घ्यावयास हवी.

ऑयगेन रॉख्को ह्या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली हे माध्यम सुरू केले. येथे एक मालक व एक कोठार नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर असून ॲक्टिव्हिटीपब ह्या सामाईक संकेतप्रणालीच्या द्वारे ते परस्परांशी व्यवहार करतात. ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले, तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये, भारतीयांची पहिली लाट तेथे गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभरातून दुसरी, फार मोठी लाट आली. परंतु डिसेंबरच्या आरंभी सुमारे २५ लाखांवर गेलेली सक्रिय सदस्यांची संख्या जानेवारी २०२३ च्या अखेरीस सुमारे १४ लाखांवर उतरली.

ह्या परतणाऱ्यांना प्रथम कोणता शब्द भेटला? ‘इन्स्टन्स’. हा प्रोग्रामरांच्या कार्यशाळेतील शब्द तसाच दारावर टांगलेला होता. त्याचा मराठी पर्याय शोधू गेल्यास ‘उदाहरण’ हाती येतो; आणि ‘आपण कोणत्या उदाहरणात राहता?’ ह्या प्रश्नास कोणता सुज्ञ मनुष्य उत्तर देईल? पुढे ‘सर्व्हर’ हा शब्द रूढ झाला. लेखनास ‘टूट’ म्हणण्याची हौसही २०२२ मध्ये मागे पडली. शब्द सुधारले, तरी कल्पना अपरिचितच राहिली.

वस्तुतः ती आम्हां खानदेशवासीयांस अपरिचित असण्याचे कारण नाही. साक्रीचा मनुष्य धुळ्याचे बोलणे समजतो, धुळ्याचा अमळनेरचे. पूर्वेस यावल-रावेरकडे जावे तो लेवा गणबोलीचा प्रदेश लागतो. ह्या सातत्यास केंद्र नाही. कोणा एका गावाची अहिराणी ‘मुख्य’ नव्हे. शेजाऱ्यास शेजारी उमगतो एवढ्यावर सारा व्यवहार चालतो. विकेंद्रित माध्यमाची रचना नेमकी हीच. (ग्रियर्सनने खानदेशी भिल्ल भाषांसमवेत एकाच खंडात घातली, हा वर्गीकरणाचा वाद वेगळा.)

मात्र हा दाखला पुढे नेला म्हणजे त्यातील पेच दिसतो. बोली मनुष्य निवडीत नाही, तो तीत जन्मतो. येथे मात्र कोणाशीही ओळख होण्यापूर्वीच ‘आपले गाव निवडा’ असे नवागतास सांगितले जाते. परका मनुष्य अशा वेळी प्रमाणभाषेचा आश्रय घेतो, कारण ती निवडावी लागत नाही, समोर ठेवलेली असते. मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या चालकांनी हेच केले: त्यांच्या ॲपमध्ये नवागतापुढे स्वतःचा ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ हा सर्व्हर आपोआप ठेवण्यात आला. ह्यावर केंद्रीकरणाचा आरोप झाला व तो निराधार नाही. तथापि ज्यांनी हा आरोप केला त्यांनी नवागतास दुसरी वाट दाखविली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

केंद्राबाहेर जाणे आणि केंद्राबाहेर टिकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे राजवाडे अखेरीस धुळ्यास आले व १९२६ च्या शेवटी तेथेच निवर्तले. त्यांचे कागद राहिले, कारण १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मॅस्टोडॉनवरील कित्येक सर्व्हर एकेका व्यक्तीच्या पदरखर्चाने चालतात. सदस्याने सर्व्हर बदलल्यास अनुयायी त्याच्यामागे येतात. जुने लेखन मात्र तेथेच राहते, आणि सर्व्हर बंद पडल्यास तेही जाते. ह्या प्रश्नाकडे पुरस्कर्त्यांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

आमच्या विभागाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. तेथे प्रत्येक लेखनास भाषेची खूण जोडता येते व वाचक तीनुसार निवड करतो. दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मराठीस ‘एमआर’ हा संकेत आहे, अहिराणीस जागाच नाही. तिचा ‘एएचआर’ हा संकेत तीन अक्षरी यादीत सापडतो. जेथे पहिल्याच यादीवर काम भागविले जाते, तेथे अहिराणीत लिहिणाऱ्याने आपली भाषा मराठी म्हणून नोंदवावी, की खूणच न करता सोडावी?