उजेड वाढला, दिसणे वाढले का?

धुळ्यात पाचकंदील नावाचा चौक आहे. कंदील केव्हाच गेले, नाव मात्र राहिले. एखादी जागा तिच्या दिव्यांवरून ओळखली जावी, इतके एकेकाळी त्या दिव्यांना महत्त्व होते. आज आपल्या शहरांत जुन्या चौकाचे सुशोभीकरण होते तेव्हा दिव्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. फरशी बसते, कारंजे होते, पुतळ्याभोवती कठडा येतो. मग मध्यभागी एक उंच हायमास्ट उभा राहतो आणि झाडांच्या बुंध्यांना रंग बदलणाऱ्या माळा गुंडाळल्या जातात. उद्‌घाटनाच्या रात्री चौक लखलखतो आणि सर्वांना समाधान वाटते. या पद्धतीला आमचा आक्षेप आहे. तो केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आणि डोळ्यांचे शरीरशास्त्र आहे.

प्रथम जागा पाहू. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि तेथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. आजही धुळ्यातील पत्ते ‘गल्ली नंबर ४’, ‘गल्ली नंबर ५’ असे सांगितले जातात. अशा गल्लीत खाली दुकान, वर घर, दाराशी ओटा आणि ओट्याला लागून रस्ता अशी रचना असते. आग्रा रोडची बाजारपेठ किंवा जळगावचा सराफ बाजार यांचीही वीण अशीच दाट आहे. येथे दिव्याने तीन कामे करायची असतात : पायाखालची जमीन दाखवणे, समोरून येणाऱ्याचा चेहरा दाखवणे आणि आजूबाजूच्या जुन्या भिंती, खांब, कमानी यांचा आकार दाखवणे. हायमास्ट यांपैकी फार तर पहिले काम करतो.

याचे कारण आठवीनववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. दिव्याचे अंतर तिप्पट झाले की जमिनीवर पडणारा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. चार मीटर उंचीवरच्या दिव्याने खाली जेवढा उजेड पडतो, तेवढाच बारा मीटरवरून पाडायचा तर दिव्याची तीव्रता त्या दिशेने नऊपट हवी. उंचावरचा दिवा क्षेत्रही नऊपट व्यापतो, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. मोकळ्या मैदानात काहीच बिघडत नाही. जुन्या पेठेत मात्र हे वाढीव क्षेत्र म्हणजे घरांची छपरे आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या! ज्याला झोपायचे आहे त्याच्या खोलीत उजेड, आणि वळणावरच्या गल्लीत शेजारच्या इमारतीची काळी सावली.

दुसरा मुद्दा डोळे दिपण्याचा. उघडा, प्रखर दिवा नजरेच्या टप्प्यात आला की त्याचा काही प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो. त्यामुळे अंधुक भागातले खड्डे आणि पायऱ्या दिसेनाशा होतात. वय वाढते तसे नेत्रभिंग गढूळ होते आणि हा त्रास वाढतो. म्हणजे ज्या आजोबांसाठी चौकात बाक ठेवले, त्यांनाच हा दिवा सर्वांत जास्त नडतो. याची परीक्षा सोपी आहे. चौकात उभे राहून तळहाताने फक्त दिवा झाका. बाकीचे दृश्य अधिक स्पष्ट दिसू लागले, तर तो दिवा तुम्हांला दाखवण्यापेक्षा लपवण्याचेच काम अधिक करतो आहे, असे समजा.

तिसरा मुद्दा रंगाचा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे उदाहरण बोलके आहे. २०१५ च्या सुरुवातीला तेथील सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले. ‘राणीच्या रत्नहाराची’ ओळख पुसली अशी टीका झाली आणि पुढे पिवळसर छटेचे दिवे आणावे लागले. अनेकांनी हा वाद ‘जुना दिवा विरुद्ध नवा दिवा’ असा समजून घेतला. ते बरोबर नाही. एलईडी कोणत्याही छटेचा मिळतो. सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा दिवा उबदार पिवळसर दिसतो, तर ६००० च्या आसपासचा निळसर पांढरा. निळसर उजेडात लाल-तांबड्या किरणांचा वाटा कमी असतो, म्हणून वीट आणि सागवान फिके, मृतवत वाटतात. शिवाय असा उजेड कीटकांना जास्त ओढतो आणि आकाशातही जास्त विखुरतो.

याचा अर्थ सोडियमचा दिवा परत आणावा असा नाही. सराफ बाजारात त्याच्या उजेडात सोने आणि चांदी यांतील रंगाचा फरकही पुसट होतो. रंग खरे दाखवण्याच्या कसोटीत उच्च दाबाच्या सोडियम दिव्याला शंभरांपैकी जेमतेम पंचवीस गुण मिळतात. चांगल्या एलईडीला ऐंशी किंवा त्याहून अधिक. तेव्हा उबदार छटेचा, रंग खरे दाखवणारा एलईडी हाच येथे योग्य.

रंग बदलणाऱ्या माळांबद्दल थोडक्यात. सणासुदीला त्या शोभतात. पण वर्षभर रोज हिरवी-जांभळी होणारी वास्तू ही स्वतःची राहत नाही. फ्रान्समधील लिआँ शहराने १९८९ साली प्रकाशयोजनेचा आराखडा केला, तेव्हा कोणती वास्तू, कोणता पूल कसा उजळायचा याचा विचार सबंध शहरासाठी एकत्र केला. आपल्याकडे एकेका चौकाचा निधी येतो आणि एकेका चौकाचे दिवे लागतात.

नगर अभियंत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एक खांब म्हणजे एक जोडणी, एक देखभाल. एलईडीमुळे विजेची बचत होते हेही खरे, आणि २०१५ पासूनच्या केंद्राच्या पथदीप कार्यक्रमाने ती अनेक शहरांत पोचवली. सुरक्षिततेची मागणी तर सर्वांत रास्त आहे. रात्री क्लासहून परतणाऱ्या मुलीला उजेड हवाच. पण तिला हवा आहे तो सलग उजेड. आपल्याच १९७० सालच्या भारतीय मानकाने बऱ्यापैकी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांसाठी सरासरी फक्त ८ लक्स आणि हलक्या वर्दळीसाठी ४ लक्स सांगितले आहेत. मात्र सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या ३० टक्के उजेड हवा, अशी अटही घातली आहे. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर ८ लक्स कमी वाटणार नाहीत. चाळीस लक्सचे बेट आणि त्याभोवती काळोख, यात मानकही पाळले जात नाही आणि मुलगीही सुरक्षित होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : जुन्या पेठेत दिवे कमी उंचीवर, जास्त संख्येने, वरून व बाजूने झाकलेले आणि उबदार छटेचे असावेत, मध्यरात्रीनंतर ते मंद करावेत. यासाठी खांब वाढतील, पण प्रत्येकाची शक्ती बरीच कमी लागेल.

शिक्षकांना यात एक उत्तम प्रकल्प आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीचा नकाशा काढावा, दर पाच पावलांवर मोबाइलमधील प्रकाशमापकाने नोंद घ्यावी आणि सर्वांत कमी नोंदीला सरासरीने भागावे. मोबाइलचे आकडे अचूक नसले तरी तुलनेला पुरतात. जुन्या सीडीवर दिव्याचे प्रतिबिंब पाहून वर्णपटांची तुलना करावी. आणि तयार झालेला तक्ता पुढच्या सुशोभीकरणाच्या आधी नगरसेवकांच्या हाती द्यावा. दिवे किती वॅटचे, हा प्रश्न सभेत नेहमी विचारला जातो. त्यांच्या उजेडात काय दिसणार, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा.